सिग्नलला बंद पडणारी गाडी

पूर्वी भर चौकात गाडी बंद पडली की चालवणाऱ्याची मान खाली जायची. मागचे हॉर्न बडवायचे, शेजारचा रिक्षावाला ‘बाजूला घ्या ना काका’ असा उपदेश करायचा आणि घरची मंडळी आपण या माणसाबरोबर आलोच नाही अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत बसायची. आता सिग्नल लागताच स्वतःहून बंद पडणारी गाडी साध्या गाडीपेक्षा दोन-तीन लाखांनी महाग मिळते. आणि ती घेणारा माणूस ‘ऐका, काही ऐकू येतंय का?’ असं विचारत शेजाऱ्यांना कौतुकाने फिरवून आणतो.

आमची जुनी पेट्रोल गाडी बदलायची यावर घरात एकमत झालं. एकमत तेवढ्यावरच झालं. मुलीला इलेक्ट्रिकच हवी होती. पण आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा विषय वार्षिक सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात येतो आणि तोवर चहा आलेला असतो. मेहुण्याच्या मते सीएनजी न घेणारा माणूस पैसे जाळतो. हे मत तो सीएनजीच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना फोनवर सांगतो, कारण तिथे त्याला भरपूर वेळ असतो. सासऱ्यांना डिझेलच्या आवाजाशिवाय गाडी सुरू झाल्याचं समाधानच मिळत नाही. मला कुणालाच दुखवायचं नव्हतं. ज्याला कुणालाच दुखवायचं नसतं तो माणूस शेवटी हायब्रिडपाशी येऊन थांबतो, असं माझं निरीक्षण आहे.

आमच्याकडे कुठलीही महाग वस्तू घ्यायची तर आधी तिचा अभ्यास करतात. वस्तू घेतली नाही तरी चालतं, अभ्यास व्हायलाच हवा. त्यात कळलं की हे प्रकरण मुळीच नवं नाही. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसवण्याचा उद्योग फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालीच करून ठेवला होता. पुढे पेट्रोल मुबलक मिळत गेलं आणि त्या उद्योगाची कुणाला फारशी आठवण राहिली नाही. १९९७च्या डिसेंबरात टोयोटाने जपानमध्ये प्रायस विकायला काढली, तेव्हा ती पुन्हा झाली. आपल्याकडे २००८मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रिड आली, २०१०मध्ये प्रायस. दोन्हींची किंमत वीस लाखांच्या वर. तेवढ्या पैशात तेव्हा शहराच्या कडेला वन बीएचके मिळायचा. मराठी माणसाने अर्थातच वन बीएचके घेतला.

खरी गर्दी झाली ती २०२२ साली. त्या एका वर्षात होंडा सिटीची हायब्रिड आली, टोयोटाची हायरायडर आली, मारुतीची ग्रँड विटारा आली आणि वर्ष सरता सरता इनोव्हा हायक्रॉसही आली. यातल्या हायरायडर आणि ग्रँड विटारा या दोघी बंगळुरूजवळच्या बिडदीच्या एकाच कारखान्यात तयार होऊन बाहेर पडल्या. विक्रेत्यांना मात्र हे मान्य नसावं. एका शोरूममधला तरुण दुसऱ्या शोरूममधल्या गाडीबद्दल ‘तीही चांगलीच आहे सर, पण...’ एवढंच म्हणतो आणि त्या ‘पण’नंतर खेदाने मान हलवतो.

शोरूममध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे बऱ्याच गाड्या हायब्रिड असतात. ‘ही हायब्रिडच आहे सर, माइल्ड.’ माइल्ड म्हणजे छोटी मोटर आणि छोटी बॅटरी. इंजिनाला निघताना थोडा हात देतात, पण एकट्याने गाडी ओढू शकत नाहीत. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी ‘फेम’ योजनेत अशा गाड्यांनाही सवलत मिळायची. २०१७मध्ये डिझेलवाल्या माइल्डची सवलत सरकारने काढून घेतली. जिला आपण खरी हायब्रिड म्हणतो ती स्ट्राँग. दोघींतला फरक ओळखायला माहितीपत्रकाची गरज नाही. ‘इंजिन सुरू न करता ही गाडी पार्किंगमधून बाहेर निघते का?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. माइल्ड असेल तर विक्रेता लगेच आपल्याला चहा विचारतो.

टेस्ट ड्राइव्हला मेहुणा बरोबर होता. त्याने ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. समोर ‘रेडी’ असं उमटलं आणि बाकी काहीच झालं नाही. ‘चालू नाही झाली,’ म्हणून त्याने पुन्हा बटण दाबलं, तेव्हा चालू असलेली गाडी बंद झाली. विक्रेता हसला नाही. रोज असे मेहुणे बघून त्याला सवय झाली असावी. गाडी निघाली ती इतकी गुपचूप, की गेटवरच्या वॉचमनला बाजूला व्हायला हात दाखवावा लागला. पुढे वेग वाढला तेव्हा केव्हातरी इंजिनही सामील झालं. क्लच नाही, गिअर नाही, हिसका नाही. इंजिनाने किती ओढायचं आणि मोटरने किती, हे गाडीच ठरवते. आपल्याला फक्त समोरच्या पडद्यावर बाण दिसतात: आता इंजिनाकडून चाकांकडे, आता बॅटरीकडून चाकांकडे आणि ब्रेक दाबला की चाकांकडून परत बॅटरीकडे. वाया जाणारं काहीतरी परत आपल्या खात्यात जमा होतंय, हे डोळ्यांनी बघण्यात जे सुख आहे ते पोस्टाच्या पासबुकातही नाही. पुढची दहा मिनिटं मेहुणा पडद्याकडे बघत होता आणि मी रस्त्याकडे.

या सगळ्या कारभारामागची बॅटरी केवढी असावी? हायरायडर आणि ग्रँड विटाराची ०.७६ किलोवॉट-तासांची. म्हणजे घरच्या वीजबिलावरच्या एका युनिटपेक्षाही कमी. दोन किलोवॉटचा गिझर तेवढी वीज वीस-पंचवीस मिनिटांत पिऊन टाकतो. टियागोसारख्या लहान इलेक्ट्रिक गाडीची सर्वांत छोटी बॅटरीसुद्धा १९.२ किलोवॉट-तासांची असते. पण हायब्रिडला साठवून ठेवायचंच नसतं. आलेली वीज लगेच खर्च करायची, आणि ब्रेक दाबला की पुन्हा थोडी मिळवायची. त्यामुळे खंडाळ्याचा घाट उतरताना हिची बॅटरी चटकन भरते आणि मग उरलेल्या उताराची मिळकत ठेवायला जागाच उरत नाही.

जागेवरून आठवलं. बॅटरी लहान असली तरी ती आपल्या डिकीत येऊन बसते. साध्या होंडा सिटीची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिड सिटीची ३०६. ही दोनशे लिटरची तूट विक्रेता मोठ्या कौशल्याने आपल्या पाठीमागे घेऊन उभा राहतो. आमच्या घरी त्याचं काही चाललं नाही. बायकोने डिकी उघडून घेतली, मनातल्या मनात तिथे दोन बॅगा, फराळाचे डबे आणि परत येताना गावाहून मिळणारी तांदळाची गोणी ठेवून पाहिली, आणि म्हणाली, ‘गोणी तुमच्या मांडीवर.’

आता मुख्य प्रश्न. ॲव्हरेज किती देते? हायरायडरचा आणि ग्रँड विटाराचा अधिकृत आकडा २७.९७. अठ्ठावीस नव्हे, सत्तावीस पूर्णांक सत्त्याण्णव शतांश. बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा. या आकड्यांना लोक एआरएआयचं ॲव्हरेज म्हणतात, आणि ती एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ज्या आकड्यावर भांडायचं असतं, तो आकडा त्यांच्या पायाशीच राहतो. चाचणीत गाडीची चाकं रोलरवर फिरतात. वेग किती, थांबायचं कधी, पुन्हा निघायचं कधी हे सगळं आधीच ठरलेलं असतं. तिथे आडवा येणारा टेम्पो नाही, गतिरोधक नाहीत आणि ‘जरा जोरात घे, मुहूर्त टळेल’ म्हणणारी आत्या नाही. त्यामुळे घरी आणल्यावर गाडी वीस-बावीस देत असेल तर तिने आपल्याला फसवलं असं समजू नये. ती फक्त टेकडीवरून खाली उतरलेली असते.

पण हायब्रिडचं ॲव्हरेज आपल्या आयुष्यभराच्या समजुतीच्या नेमकं उलटं वागतं. साधी गाडी गावात कमी देते आणि हायवेवर जास्त. हायब्रिडचा सगळा डाव गावातला. हळू चाल, वारंवार थांबणं, पुन्हा पुन्हा ब्रेक हेच तिचं खाद्य. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने सरळ जाताना इंजिनालाच राबावं लागतं आणि मोटरला फारसं काम उरत नाही. सकाळी साडेनऊला हिंजवडीच्या रस्त्यावर अडकलेल्या शेकडो चेहऱ्यांमध्ये एखादा प्रसन्न दिसला तर ओळखावं, की याची हायब्रिड आहे. कोंडी जितकी घट्ट, तितका त्याचा फायदा मोठा. पुण्याच्या वाहतुकीवर खूश असलेला हा इतिहासातला पहिलाच वर्ग असावा.

मग मी कागद घेतला. समजा, तशाच साध्या ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड तीन लाखांनी महाग. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणं. शहरात साधी गाडी १३ देते, हायब्रिड २१. म्हणजे वर्षाला सुमारे ३५० लिटर पेट्रोल वाचलं. १०४ रुपये लिटरने साडेछत्तीस हजार रुपये. जास्तीचे तीन लाख वसूल व्हायला आठ वर्षं आणि वर दोन-अडीच महिने. आणि या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीची वॉरंटी? आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. म्हणजे ज्या सुमारास फायदा सुरू होणार, साधारण त्याच सुमारास काळजीही सुरू होणार.

हा कागद मी शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांना दाखवायला नको होता. त्यांनी चष्मा लावून विचारलं, ‘आणि या तीन लाखांचं व्याज?’ सात टक्के धरून त्यांनी मागच्या बाजूला हिशेब मांडला. वसुलीची मुदत बारा-तेरा वर्षांवर गेली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ‘म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं निव्वळ नफा,’ असं म्हणत त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. हाच हिशेब वर्षाला २४,००० किलोमीटर धरून केला तर व्याज सोडून वसुली चार वर्षांत होते. पण गंमत अशी, की एवढं फिरणारे बरेच लोक हायवेवर फिरतात, जिथे हायब्रिडची बचत रोडावते. हिशेब जमतो तो हडपसरहून हिंजवडीला किंवा ठाण्याहून अंधेरीला रोज स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांचा. त्यांना गाडीपेक्षा आधी सहानुभूतीची गरज आहे, ही गोष्ट वेगळी.

सरकारलाही या गाडीचं काय करावं हे नीट सुचलेलं दिसत नाही. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्के. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला आधी उपकर धरून ४३ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० झाला. इलेक्ट्रिकला हिरवी नंबरप्लेट, हायब्रिडला साधी पांढरी. मुलगी म्हणाली, ‘बाबा, मग पर्यावरणासाठी काही केलं हे लोकांना कळणार कसं?’ २०२४च्या जुलैत उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा आमच्या मेहुण्याने लखनौत कुणी लांबचं नातेवाईक आहे का, याची चौकशी केली होती. बायकोने त्याला आठवण करून दिली, की जवळच्या नातेवाइकांकडेसुद्धा तो लग्नाशिवाय जात नाही.

एवढा अभ्यास, दोन कागद आणि एक बँक मॅनेजर विरोधात असताना आम्ही शेवटी हायब्रिडच नोंदवली. आमचं फिरणं हिशेबात धरलेल्या किलोमीटरइतकंही नाही. निर्णय झाला तो टेस्ट ड्राइव्हमध्ये, एका लांबलचक सिग्नलला. मागच्या सीटवर बसलेली बायको इतका वेळ गप्प होती. इंजिन बंद, एसी सुरू, बाहेर नेहमीचा गोंधळ. ती एवढंच म्हणाली, ‘अहो, आपण गाडीत बसून एकमेकांशी इतक्या हळू आवाजात कधी बोललो होतो?’ यावर ॲव्हरेजचा मुद्दा काढण्याची हिंमत मेहुण्यालाही झाली नाही.

तेव्हा तुम्हीही घ्यायच्या विचारात असाल तर आधी आपलं वर्षाचं रनिंग खरं खरं लिहा, त्यातलं गावातलं किती आणि हायवेवरचं किती ते वेगळं काढा, आणि डिकी उघडून आपली सर्वांत मोठी बॅग आत ठेवून पाहा. हिशेब जमला तर हिशेबासाठी घ्या. नाही जमला तर शांततेसाठी घ्या. फक्त मग कुणी ॲव्हरेज विचारलं, की विषय बदला.