पट, परसबाग आणि पिवळी बस
महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावात सहावी ते आठवीचे वर्ग चालवणाऱ्या सार्वजनिक शाळा साधारणतः तीन प्रकारच्या आढळतात: नगरपरिषदेची, जिल्हा परिषदेची आणि खासगी संस्थेची असूनही गुरुजींचे पगार सरकारी तिजोरीतून होत असल्यामुळे ‘अनुदानित’ म्हणवणारी. या तिघींची तुलना करण्याचे शास्त्र चांगलेच प्रगत झाले असून त्यातील मूलभूत एकक विद्यार्थी नसून ‘पट’, म्हणजे नोंदलेल्या मुलांची संख्या, हे आहे. या संख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या प्रक्रियेस संच मान्यता म्हणतात, आणि पट घसरल्यामुळे ज्याचे पद उडते तो शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवाना होण्याच्या, यादीत जातो.

पट फुगवण्याची जुनी कला ऑक्टोबर २०११ मधील राज्यव्यापी पटपडताळणीने उघडी पाडल्यापासून मूल खरे असणे आवश्यक झाले. पुढे तेही अपुरे ठरून त्याचे नाव आधार कार्डाशी तंतोतंत जुळणे आवश्यक झाले. परिणामी दुपारी १५० ग्रॅम तांदळाचा पोषण आहार पचवणारा सहावीतला एखादा मुलगा, आडनावातील एका वेलांटीपायी, संच मान्यतेत अस्तित्वातच नसतो.

खरा संघर्ष मात्र आठवीवरून होतो. राज्याची जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती; १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत नेले, पण माध्यमिक शाळांनी आठवी सोडली नाही, कारण आठवी सोडणे म्हणजे पदे सोडणे. त्यामुळे सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या दारात उन्हाळ्याच्या सुट्टीत तिन्ही शाळांचे गुरुजी एकाच वेळी पोहोचतात, आणि एरवी ज्याला वर्गात कोणी प्रश्न विचारला नव्हता त्या मुलाची ख्यालीखुशाली एकदम तिघे विचारू लागतात.

गुणवत्तेच्या मोजणीतही शासनाने कसर ठेवलेली नाही. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानाच्या २०२४ मधील दुसऱ्या टप्प्यात १५० गुणांपैकी ३३ पायाभूत सुविधांना, ७४ शासकीय धोरणांच्या अंमलबजावणीला आणि ४३ शैक्षणिक संपादणुकीला, म्हणजे मुलांना काय येते याला, देण्यात आले. ज्या शाळेत कोणालाच काही येत नाही, ती शाळाही या हिशेबाने १०७ गुणांपर्यंत, म्हणजे आरामात पहिल्या वर्गापर्यंत, मजल मारू शकते. परसबागही या हिशेबात धरली जात असल्यामुळे तिच्यातील पालकाची जुडी वाया जात नाही. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीनिवारण वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते, परंतु त्या परसबागेचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर चढवणे हे काम शैक्षणिकच मानले जात असावे.

पालकांची पद्धत याहून सुटसुटीत आहे. जितकी फी जास्त तितके शिक्षण उत्तम, या सिद्धांतानुसार आठवीपर्यंत मोफत शिकवणाऱ्या तिन्ही शाळा पहिल्याच फेरीत बाद होतात आणि पिवळ्या बसची इंग्रजी माध्यमाची शाळा बिनविरोध निवडून येते. या तिन्ही शाळांतील काही गुरुजींचीही मुले त्याच बसने जातात. मूल्यांकनाच्या नमुन्यात तसा रकाना नसल्यामुळे त्याबद्दल गुण कापले जात नाहीत.