तुरळक ठिकाणी आम्ही

कोकणातल्या मे महिन्याचा हवामान अंदाज हा माझा आवडता वाङ्मयप्रकार आहे. त्यात सगळे रस असतात. ‘हवा उष्ण व दमट राहील’ यात करुण, ‘विजांच्या कडकडाटासह’ यात भयानक आणि ‘आकाश अंशतः ढगाळ राहण्याची शक्यता’ यात निखळ विनोद. पुण्यात बसून मी तो रोज वाचतो, आणि पुण्यात बसून वाचल्यामुळे आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही. २०२५ च्या मेमध्ये मी तो देवगड तालुक्यात, मावशीच्या घरी जाऊन वाचला. तिथून पुढे सगळं पाण्यात गेलं.

आधी माझी पात्रता सांगतो. मोबाईलमध्ये हवामानाची चार-पाच ॲपं, उपग्रहाच्या चित्रात जरा पांढरं दिसलं की ‘सिस्टीम बनतेय’ म्हणायची सवय आणि शाळेत भूगोलात बरे मार्क. किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायची तर पारा निदान ३७ वर हवा आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवा, मैदानी भागात हीच मर्यादा ४० ची, हे मी पंगतीत वाढप्यालाही सांगतो. त्या दिवसांत पारा चौतिशीच्या आसपास होता. म्हणजे लाट नव्हती. हे मी पाठीला चिकटलेला सदरा सोडवत मावशीला समजावलं. हवेतच बाष्प इतकं की घाम वाळत नाही, घाम वाळत नाही म्हणून अंग थंड होत नाही, पण शास्त्रानुसार ही लाट नव्हे.

“लाट नाय, तर मगे घाम कित्याक पुसतस?” मावशीने विचारलं.

दुपारी खाऱ्या वाऱ्यांचं प्रकरणही मी हातात घेतलं. जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा आत येते. पूर्वेकडचा वारा जोरात असला की हा समुद्रवारा अडतो, उशिरा येतो आणि त्या दिवशी किनारा भाजून निघतो. हे सगळं मी ज्या गाबीत काकांना ऐकवलं, त्यांचं आयुष्य होडीत गेलेलं. त्यांनी विडी संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ह्या माका ठाऊक नव्हता. मी आपलो वारो इलो की शीड लावी.” मला ते कौतुकच वाटलं.

आता मुद्द्याचं. मोसमी पाऊस केरळात २७ मे रोजी पोचेल, त्यात चार दिवसांची घट-वाढ होऊ शकते, असं हवामान खात्याने जाहीर केलं होतं. एरवी ही तारीख १ जून. मी सरळ हिशेब मांडला: २७ मे, अधिक चार दिवस, अधिक केरळातून इथवर यायला पाच-सहा दिवस. उत्तर बरोबर मिरगाच्या तोंडावर आलं. पंचांग आणि उपग्रह माझ्या हिशेबात एकत्र आले, याहून आणखी काय हवं? खात्याने घट-वाढ म्हटलं होतं आणि मी नुसती वाढ धरली होती, ही बारीकशी गोष्ट त्या आनंदात मागे राहिली.

मावशीची कौलं परतायची होती. ज्यांची घरं स्लॅबची आहेत त्यांच्यासाठी सांगतो: कौलं उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, मधला पाचोळा आणि उंदरांचे संसार झाडायचे, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि पुन्हा एकात एक अडकवत कौलं बसवायची. हे काम जाणणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळालीच तर त्या आठवड्यात अख्ख्या वाडीला तीच हवी असतात. मावशीचं म्हणणं, पडवीपुरतं करून घेऊ, बाकीचं पुढच्या वर्षी. मी म्हटलं, छे! हाताशी पंधरा दिवस आहेत, माजघर पण उघडू. गड्याने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मजुरी मी देणार होतो, म्हणून माजघर उघडलं.

खळ्यात आंब्याची साठं वाळत होती. आटवलेला रस तुपाचा हात फिरवलेल्या ताटांत ओतायचा, पहिला थर सुकला की त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. असं चार-पाच उन्हं खाऊन साठ तयार होतं. राखणीला मी. अंदाजात तर ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ होता. खात्याच्या व्याख्येत तुरळक म्हणजे विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. मावशीचं खळं उरलेल्या ७५ टक्क्यांत मोडतं, हे मी परस्पर ठरवून टाकलं. वरच्या वाडीत लग्न होतं, तिथलेही विचारायला आले. त्यांना म्हटलं, मांडवावर ताडपत्री घालू नका, उगाच उकडेल.

मेच्या विशीत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात हवेचा दाब उतरू लागला. इशारा पिवळा झाला. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. मी पडवीत खुर्ची टाकून, चहा घेत लक्ष ठेवलं. मग तो नारिंगी झाला. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. इथे मी सगळी ॲपं उघडली आणि उपवर मुलीला स्थळं बघावीत तसे अंदाज बघायला बसलो. हा फार पाऊस सांगतो, नको. हा वादळी दिसतो, नको. एकाने मात्र दुपारी नुसता सूर्य दाखवला होता, वर बारकासा पांढरा ढग. तो पसंत पडला.

“उकाडो बघ,” मावशी म्हणाली. “पावस हयसरच खय तरी आसा.” आणि तिने साठांची ताटं उचलून आत नेली. मी ती परत उन्हात मांडली. गडी शिडीवरून उतरला, “फाल्या येतंय” म्हणाला आणि हत्यारं घेऊन सरळ चालू लागला. त्याच्या घाईला मी कामचुकारपणा समजलो.

आधी वारा आला. माडाच्या झावळ्या एका बाजूला वळल्या, परसातलं एक पत्र्याचं पिंप उलटून गडगडत विहिरीपर्यंत गेलं. मग थेंब आले, असे मोठे की खळ्यातल्या मातीवर प्रत्येकाचा खड्डा दिसत होता. मी साठांकडे धावलो. अर्ध्या वाटेत आठवलं की माजघरावर छप्पर नाही. मागे वळलो. तेवढ्यात साठं गेली. हापूसचा रस ताटांच्या कडेवरून ओघळत तुळशीपर्यंत पोचला आणि शेजारचा कुत्रा भर पावसात तो चाटू लागला. माजघरात पलंग, गाद्या आणि माझी उघडी बॅग, तिच्यात इस्त्रीचे कपडे. वीज गेली, पाठोपाठ मोबाईलची रेंज गेली. पडद्यावर शेवटचं चित्र तेवढं गोठलेलं होतं: चौतीस अंश, सूर्य, बारकासा ढग. रिपांवर छत्री बांधायचा प्रयत्न मी का केला, हे मला आजही सांगता येणार नाही.

ताडपत्री आणली ती लग्नघरच्या पोरांनी. माझा सल्ला ऐकून झाल्यावर ते तडक बाजारात गेले होते आणि दोन जास्तीच्या घेऊन आले होते. “काकानु, तुमी खाली उतरा पयले,” एवढंच त्यांनी मला सांगितलं.

पुढचं सगळं नोंदलेलं आहे. २४ मे रोजी समुद्रावरच्या त्या कमी दाबाच्या पट्ट्याचं अवदाब क्षेत्र होऊन ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनारा ओलांडून गेलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला, म्हणजे खात्याने दिलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी, सांगितलेल्या घट-वाढीत व्यवस्थित बसून. दुसऱ्या दिवशी त्याची उत्तर सीमा नकाशावर चक्क देवगडवरून काढलेली होती. केरळ ते देवगड अंतर मी पाच-सहा दिवसांचं धरलं होतं, त्याने ते एका दिवसात उरकलं. २६ तारखेला तो मुंबईतही होता. अंदाज चुकला असता तर खात्याच्या नावाने चार लोकांत बोटं मोडता आली असती. तीही सोय राहिली नाही.

पुढच्या वर्षी मावशीने एप्रिलमध्येच कौलं परतून घेतली आणि काम पुरं झाल्यावर मला फोन केला. तुमच्यापैकी कोणाची राहिली असतील तर १५ मेच्या आत उरकून घ्या. तारीख बघताना घट आधी धरा. आणि पुण्याहून कोणी पाहुणा अंदाज सांगू लागला, तर त्याला कोकम सरबत द्या आणि ताटं आत घ्या.