फ्रीजमध्ये गांडुळं, टेबलावर मणी!

ऐकलंत का? आपल्या मिनिआपोलिसच्या मराठी पुरुषमंडळींनी मणी ओवायला घेतलेत. होय, मणी! शर्टाचं तुटलेलं बटण लावायला ज्यांनी जन्मात सुईत दोरा घातला नाही, ते जेवणं उरकली की डायनिंग टेबलावर दिवा ओढून घेतात, चष्मा नाकावर सरकवतात आणि नारंगी, नारंगी, हिरवा, नारंगी असे मणी ओवत बसतात. कोणी मध्ये बोललं तर चालत नाही. मोजणी चुकते म्हणे.

आणि हा सगळा शृंगार कोणासाठी? एका माशासाठी! वॉलआय त्याचं नाव. १९६५ पासून मिनेसोटाचा अधिकृत राज्यमासा. त्याच्यासाठी जिवंत गांडूळ लावायचा जो साज करतात, त्याला तिकडचे लोक क्रॉलर हार्नेस म्हणतात. दुकानात चार-पाच डॉलरला आयता मिळतो. पण नाही. ‘घरी केला तर डॉलरभरात पडतो,’ हे वाक्य हल्ली प्रत्येक पार्टीत ऐकू येतं. त्या डॉलरभरासाठी शंभर-शंभर फिरत्या पात्यांची पाकिटं, गळांचे डबे, फ्लुरोकार्बन दोऱ्याची रिळं आणि सोळा खणांची पेटी आली, ते मात्र कोणी सांगत नाही. काहींच्या गराजमध्ये तर पुढच्या तीन पिढ्यांना पुरतील इतके हार्नेस तयार आहेत.

माझी एक मैत्रीण सांगत होती, तिच्या नवऱ्याने तिची लाल नेलपॉलिश लंपास केली. पितळी पात्यांवर ठिपके द्यायला! विचारलं तर म्हणतो, वॉलआयच्या डोळ्यांना नारंगी-लाल आणि हिरवा हे रंग जास्त चांगले कळतात. माशाला काय दिसतं हे पाठ आहे. बायकोने दिवाळीला कुठली साडी नेसली होती ते विचारून बघा. मुलांचे पोहायचे फोमचे लांबडे नूडलही गेले. त्यांचे तुकडे करून त्यांवर हार्नेस गुंडाळतात आणि गळ फोमात टोचून ठेवतात, म्हणजे गुंता होत नाही. पोरं विचारतायत, आमचं नूडल कुठंय.

काम मात्र नाजूक आहे, तेवढं कबूल केलं पाहिजे. मी एकांना अगदी शेजारी बसून पाहिलं. दोऱ्याच्या टोकाला एक गळ, त्याच्या तीन-चार इंच वर दुसरा. दोरा गळाच्या दांडीवर सहा-सात वेढे घेऊन, थुंकी लावून, हळूच आवळायचा. वेढा वेढ्यावर चढला की उलगडून पुन्हा. मग पाच-सहा मणी, त्यांच्यावर क्लेव्हिस नावाची चिमुकली कडी, आणि त्या कडीत पातं. ते मणी नुसते नटायला नसतात बरं का! पातं त्यांच्यावर फिरतं आणि गळावर आपटत नाही. कोलोरॅडो पातं गोलसर, अगदी सावकाश ओढलं तरी फिरतं आणि पाण्यात धबधब हादरे देतं. विलो लांबट, त्याला वेग लागतो. गढूळ पाण्यात आणि दिवेलागणीला मासा ते हादरे अंगाने ओळखतो. गांडूळ दोन्ही गळांवर सरळ ताणलेलं हवं. वाकडं बसलं की तेच गरगर फिरतं आणि सगळ्या दोऱ्याला पीळ बसतो. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज असा काही हळवा झाला, की त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघून डोळे फिरवले.

आता गांडुळांचं. ती फ्रीजमध्ये राहतात! श्रीखंडाच्या शेजारी. एका घरी भारतातून आलेल्या सासूबाईंनी दही समजून डबा उघडला, तर विरजण हललं. त्या दिवसापासून त्या घरात दोन फ्रीज आहेत. आणि गंमत म्हणजे मिनेसोटात देशी गांडूळच नाही. हिमयुगानंतर तिथे जी आली ती सगळी युरोप-आशियातली, आपल्यासारखीच परदेशातून येऊन स्थिरावलेली. फक्त त्यांचं स्वागत नाही. उत्तरेकडच्या जंगलातला पाचोळा ती फस्त करतात, म्हणून उरलेली तळ्याकाठी सोडायची मनाई आहे, सरळ कचऱ्यात. गराजमध्ये खत करायला ठेवतो म्हणणारेही निघालेत, पण त्यांच्या बायकांची मतं इथे छापण्यासारखी नाहीत.

शिवाय मुहूर्त बघा कसा! वॉलआयचा हंगाम मे महिन्याच्या ज्या शनिवारी उघडतो, त्याचा दुसरा दिवस बहुतेक वर्षी मदर्स डे असतो. आई घरात, सुपुत्र होडीत.

ओहायोकडचं तर विचारूच नका. २०२२ च्या सप्टेंबरात क्लीव्हलंडला, लेक ईरीवरच्या वॉलआय स्पर्धेत, पहिल्या नंबराच्या जोडीचे मासे दिसत होते त्याहून फारच जड भरले. आयोजकाने तिथल्या तिथे सुरी चालवली, तर पोटात शिशाचे गोळे! सोबत दुसऱ्या माशांचे तुकडे. दोघांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला, दहा दिवसांची कैद झाली. नाव गेलं आणि नावही गेली, कारण होडी जप्त झाली. आपली मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात की आम्ही शिसं माशाच्या बाहेरच ठेवतो. ते खरं आहे. हार्नेस तळाशी नेणाऱ्या तारेच्या बाउन्सरला ते लावलेलं असतं.

मासे किती मिळाले, हा प्रश्न विचारायचा नसतो. विचारलाच तर पाण्याचं तापमान सांगतात, वारा सांगतात, आणि पातं एक नंबर मोठं हवं होतं, असं म्हणतात.

परवाच्या हळदीकुंकवाला एक बाई हातोड्याने ठोकलेली, सोनेरी, गोल, लखलखीत कानातली घालून आल्या. पोह्यांच्या बश्या हातात तशाच राहिल्या. कुठून घेतली, कितीला पडली, किती ग्रॅमची, एकच गलका! बाई नुसत्या हसल्या. रात्री म्हणे त्यांचे यजमान टेबलाखाली बॅटरी मारून पाच नंबरची दोन कोलोरॅडो शोधत होते.