दिवाळं काढण्याची सोपी रीत: परदेशी साखळी दुकानांसाठी प्राथमिक पाठ

साहेब, तुमच्या देशात तुमची दीड-दोन हजार दुकानं, घरोघरी नाव, पैशाला कमी नाही. आता तुम्हाला परमुलखात जाऊन दिवाळं काढायचं आहे. तुम्ही म्हणाल, दिवाळं कशाला, आम्ही धंदा करायला निघालोय. सगळे असंच म्हणून निघतात. परक्या देशात कुलूप लावून परतलेल्या एकाही कंपनीने बुडायचं ठरवलेलं नव्हतं. तरी बहुतेकांचे टप्पे इतके सारखे की त्यांना कुणी छापील पुस्तिका वाटली असावी. ती आम्हाला कुठे मिळाली नाही, म्हणून स्वतःच लिहायला घेतली.

लिहिण्याचं ठिकाण ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. तुमच्या नकाशात ते नसेल. आमच्या नकाशात मिनियापोलिस नाही, म्हणजे फिट्टंफाट. पण दुकानदारी बघायला ही जागा वाईट नाही. बाजार समिती आहे, आठवडी बाजार भरतो, सोयाबीन, कापूस, तूर, हळद अशा पिकांवर सगळ्यांचा संसार आणि त्या संसारावर किराणा दुकानांची उलाढाल. उदाहरणं मात्र थोरामोठ्यांची घेऊ, कारण बुडण्यात त्यांचा हात धरणारं इथे कुणी नाही.

पाठ पहिला: एक दुकान चालवता येण्याआधी शंभर उघडा

अभ्यासाला लावलेला मुख्य ग्रंथ म्हणजे टार्गेट कंपनीची कॅनडाची स्वारी. अमेरिकेतली ही बलाढ्य साखळी, मुख्यालय ते मघाचं मिनियापोलिस. २०११ च्या जानेवारीत तिने कॅनडातल्या झेलर्स या मरगळलेल्या साखळीच्या २२० पर्यंत जागांचे भाडेहक्क १८२ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर मोजून घेण्याचा सौदा केला. एवढे पैसे अडकल्यावर जागा रिकाम्या ठेवून कसं चालेल? २०१३ च्या मार्चमध्ये ऑन्टारिओ प्रांतात पहिली तीन दुकानं उघडली आणि त्याच वर्षाअखेर आकडा १२४ वर गेला. पुढे १३३ झाला. बरं, या जागा काही टार्गेटने आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहून निवडलेल्या नव्हत्या. एका बसत्या दुकानाच्या जागा एकगठ्ठा उचललेल्या. आधीचा दुकानदार तिथे का बसला, हा प्रश्न विचारायचा नसतो. विचारलात तर हा पाठ फुकट जाईल.

ताडकळसकडे कुणाला दुसरं दुकान टाकायचं झालं तर काय होतं? पोरगा आधी बापाच्या दुकानात पुड्या बांधतो, मग तराजू, मग उधारीची वही आणि सगळ्यात शेवटी गल्ला. पूर्णेत किंवा परभणीत शाखा निघते ती त्याचं लग्न झाल्यावर, बहुधा सासऱ्याच्या ओळखीतल्या गाळ्यात. या चालीने शंभर दुकानं व्हायला चारशे वर्षं लागतील. तुम्हाला दर तीन महिन्यांनी शेअरबाजाराला तोंड दाखवायचं असतं, तुमचं कसं जमणार? तेव्हा घाई करा.

पाठ दुसरा: माल गोदामात, फळी रिकामी

हा पाठ सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा विस्ताराने.

टार्गेटची अमेरिकेतली संगणकव्यवस्था तिने स्वतः वर्षानुवर्षं घडवलेली, पण कॅनेडियन डॉलर आणि फ्रेंच अक्षरं यांच्याशी तिचं जमेना. म्हणून कॅनडासाठी सॅप कंपनीची नवी प्रणाली आणली. त्यात सुमारे ७५ हजार वस्तूंची माहिती भरायची होती आणि उद्घाटनाच्या तारखा तर जाहीर झालेल्या. कामाला बरीचशी तरुण, नवखी मंडळी. त्यांनी भराभर भरली. इंचाच्या जागी सेंटिमीटर, लांबीच्या जागी रुंदी, चलन चुकलेलं, किंमत चुकलेली, कुठे नुसतीच टिंबं. पुढे तपासणी झाली तेव्हा अमेरिकेत ९८-९९ टक्के बिनचूक असणारी माहिती कॅनडात ३० टक्क्यांच्या आसपास बरोबर निघाली. म्हणजे खोक्याचं माप कागदावर एक, हातात दुसरं. ते फळीवर मावेना, ट्रकच्या हिशेबात बसेना. गोदामं तुडुंब आणि दुकानात फळ्या मोकळ्या, असा योग जुळून आला. विक्रीचे अंदाज तर आणखी वरचढ. नव्या दुकानाला जुन्या, मुरलेल्या दुकानाइतका खप धरलेला.

आता या पाठातला मुकुटमणी. माल संपला की आपोआप मागणी जावी, अशी एक कळ त्या प्रणालीत होती. ती बंद केली की ती वस्तू संपलेल्या मालाच्या यादीतच येत नसे. काही हुशार मंडळींच्या हे ध्यानात आलं. वरिष्ठ विचारतात, फळ्या भरलेल्या आहेत ना? कळ बंद केली की कागदावर सगळं भरलेलं. कॅनेडियन बाई रिकाम्या फळीसमोर उभी आणि मुख्यालयात तिच्या समाधानाचा आकडा वर जातोय. आमच्या सरकारी कचेऱ्यांना हे तंत्र जुनंच आहे; पण त्यासाठी एवढी महागडी संगणकप्रणाली कुणी घेतली नव्हती, हे मान्य करावं लागेल.

इथे आमच्या किराणा दुकानदाराचं फार कौतुक करायचा मोह होतो. गिऱ्हाईक म्हणतं, “मालक, ती परवाची निळी पुडी द्या,” आणि मालक बरोबर तीच काढतो. तेल किती उरलं हे त्याला डबा हलवून कळतं. पण त्याच्या दुकानात वस्तू काही शे, ७५ हजार नव्हेत. डोक्यातल्या हिशेबावर १३३ दुकानं चालत नाहीत, त्याला यंत्र लागतंच. फक्त त्या यंत्रात माहिती भरणाऱ्याने तो माल एकदा तरी हातात धरलेला असावा. तुम्हाला बुडायचं आहे, त्यामुळे तुम्ही ही काळजी घेऊ नका.

पाठ तिसरा: गिऱ्हाइकाला सीमेपलीकडचा भाव माहीत नाही, असं समजा

टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी गाडी काढून सीमेपलीकडे बफेलोत खरेदी करून येणं अवघड नाही. त्यात आमची मराठी कुटुंबंही आली, आणि भाव पाठ ठेवण्यात आमचा हात कुणी धरू नये. ही सगळी मंडळी टार्गेटची वाट बघत होती ती अमेरिकेतला माल अमेरिकेतल्या भावाने घराजवळ मिळेल म्हणून. मिळाला तो निम्माशिम्मा माल आणि चढा भाव. शेजारी वॉलमार्ट होतंच. ते १९९४ मध्ये वुलको साखळीची १२२ दुकानं घेऊन कॅनडात शिरलं आणि टिकलं. तेव्हा अपयशाचा दोष कॅनडाच्या थंडीला देता येणार नाही.

पाठ चौथा: हिंदुस्थानात या, कायदा नंतर वाचा

कॅनडात बुडणं तसं सोपं, तिथे कायदा आडवा येत नाही. इथे जरा जास्त मेहनत आहे. २०१२ च्या सप्टेंबरात केंद्राने किरकोळ विक्रीत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला दार उघडलं. त्यावरून २० सप्टेंबरला भारत बंद झाला. दाराला अटी होत्या. किमान १० कोटी डॉलर आणा, त्यातले निम्मे गोदामं आणि शीतगृहं वगैरेंत घाला, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करा, राज्याची संमती घ्या आणि शहर १० लाखांवरच्या वस्तीचं हवं. ताडकळस त्यात कुठे बसतं ते तुम्हीच बघा. लोकसंख्येची अट पुढच्याच वर्षी सैल झाली, तरी या दारातून धड आत आली ती टेस्को, तीही टाटांच्या ट्रेंटचा हात धरून, स्टार बझारच्या रूपाने.

बाकीच्यांनी त्याआधीच बाजूचं दार धरलं होतं: घाऊक विक्री. तिथे १०० टक्के परदेशी मालकी चालते, पण माल विकायचा तो फक्त परवानाधारक व्यावसायिकाला. म्हणून वॉलमार्टचं ‘बेस्ट प्राइस’ २००९ मध्ये अमृतसरला निघालं आणि पुढे आमच्या मराठवाड्यातही, तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात आलं. जगातला सगळ्यात मोठा किरकोळ दुकानदार मराठवाड्यात आला आणि त्याला घरच्या बाईला एक किलो साखर विकायची मुभा नाही. कार्ड दाखवा, मग आत या. कार्ड कुणाकडे? किराणा दुकानदाराकडे. ज्याला हे संपवणार म्हणून बंद पुकारला, तोच त्यांचा मुख्य गिऱ्हाईक! आणि तो गिऱ्हाईक कसा? त्याला गावातला ठोक व्यापारी उधार देतो, माल टेम्पोने दारात टाकतो, न खपलेला परतही घेतो. तुमच्याकडे रोख मोजून, स्वतःचं भाडं भरून, खोकी उचलून न्यायची. यायचा तो, पण भाव पाहायला यायचा, आणि तो भाव सांगून आपल्या जुन्या व्यापाऱ्याकडून आणखी सवलत काढायचा.

फ्रान्सची कारफूर २०१० च्या अखेरीस दिल्लीत आली आणि २०१४ मध्ये जेमतेम पाच दुकानं मिटून गेली. वॉलमार्टने भारती समूहाशी थाटलेला संसार २०१३ मध्ये मोडला. मग २०१८ मध्ये त्याने १६ अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा मोठा हिस्साच घेतला आणि २०२० मध्ये घाऊक दुकानंही फ्लिपकार्टच्या झोळीत टाकली. याला बुडणं म्हणता येत नाही, म्हणून या अभ्यासक्रमात त्याला पूर्ण गुण नाहीत.

पाठ पाचवा: हसा

१९९७ च्या अखेरीस वॉलमार्ट जर्मनीत गेलं. सकाळी नोकरांकडून कंपनीच्या घोषणा म्हणवून घ्यायच्या आणि गिऱ्हाईक दिसलं की हसायचं, असा घरचा शिरस्ता तिथेही नेला. अनोळखी माणूस उगाच हसतो म्हटल्यावर जर्मन गिऱ्हाईक बिचकायचं, असं सांगतात. २००६ मध्ये ८५ दुकानं जर्मनीच्याच मेट्रो कंपनीला विकून ते परतलं. तीच मेट्रो २००३ मध्ये बंगळुरात आलेली होती. तिने भारतातली ३१ दुकानं २,८५० कोटी रुपयांना रिलायन्सला देऊन २०२३ मध्ये आवरतं घेतलं. ताडकळसला दुकानदार हसत नाही. “काय पाहिजे?” एवढंच म्हणतो आणि माणूस घरचं असल्यागत फळीकडे बोट दाखवतं.

पाठ सहावा: पंचांग जाळा

तुमचं वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार तुकड्यांचं. इथलं वर्ष मृगापासून दिवाळीपर्यंत उधारीचं आणि सोयाबीन मोंढ्यावर गेल्यापासून फेडीचं. पेरणीला बियाणं-खतात हातातली रोकड जाते, त्यानंतर घरात येणारं मीठ-मिरची-चहापत्ती वहीवर. आषाढ-श्रावणात दुकानदार माणसाला नाही म्हणत नाही, कारण दसऱ्याच्या पुढे तोच माणूस लग्नाचा बस्ता आणि दिवाळीचं तेल रोखीने नेणार. पाऊस दगा देतो, तेव्हा वहीचं पान पुढच्या वर्षाकडे वळतं. त्यात दुकानदारही मरतो कधीकधी. उधारीने बसलेली दुकानं इथेही आहेत. तुम्ही यातलं काही करू नका. ‘उधार बंद’ अशी पाटी लावा, इथल्या दुकानांतही असते. फरक एवढाच की इथे तिच्याखाली बसून उधार देतात.

आणि पोळ्याच्या आठवड्यात दर्शनी फळीवर चॉकलेटांचे डबे मांडा. कासरे, मोरक्या, गोंडे, शिंगांना लावायचं बेगड असल्या वस्तूंना तुमच्या संगणकात रकानाच नसेल. छान.

पाठ सातवा: निघताना रेंगाळू नका

टार्गेटने इथे खरोखर चपळाई दाखवली. पहिल्या वर्षी जवळजवळ एक अब्ज डॉलर तोटा, आणि नफा निदान २०२१ पर्यंत दिसत नाही हे कळल्यावर १५ जानेवारी २०१५ ला जाहीर केलं, आम्ही निघालो. एप्रिलच्या मध्यापर्यंत १३३ दुकानं बंद आणि १७,६०० माणसं घरी. त्यांच्यासाठी ७ कोटी कॅनेडियन डॉलरचा निधी ठेवला, हे नोंदवायला हवं. शेवटच्या सेलला मात्र गर्दी झाली. ज्यांनी झेलर्सच्या जागा विकून पैसे खिशात घातले ती हडसन्स बे कंपनी, १६७० सालची, तिनेही २०२५ च्या जूनमध्ये शेवटचं दुकान बंद केलं. म्हणजे घेणारा गेला आणि दहा वर्षांनी विकणाराही.

एक पुरवणी. हा अभ्यासक्रम फक्त परदेशी लोकांसाठी आहे, असा गैरसमज नको. चेन्नईहून निघालेली सुभिक्षा सोळाशेच्या आसपास दुकानं उघडून २००९ मध्ये आटोपली, आणि बिग बझारच्या पाट्या २०२२ मध्ये उतरल्या. दोघेही अस्सल देशी. उलट डी-मार्ट २००२ मध्ये पवईत निघालं, शक्यतो जागा स्वतःची घेत, सुरुवातीची वर्षं हळूहळू वाढलं; ते या पुस्तिकेत बसत नाही.

तेव्हा वाचक हो, तुमच्यापैकी कुणाला ताडकळसला सुपर बाजार काढायचा असेल, परदेशी असा की पुण्याचे, तर एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत इथल्या कुठल्याही किराणा दुकानात आधी पुड्या बांधायला बसा. पगार मिळणार नाही, चहा मिळेल.