भुताला जागा हवी

भयकादंबरीत भुताच्या आधी घर येतं. गावाबाहेरचा दुमजली वाडा, दहा-बारा खोल्या, मागे विहीर, माडीवर कुलूप घातलेली एक खोली, आणि एवढ्या पसाऱ्यात राहायला माणसं दोन. लेखकाला वाटतं, आता वाचकाच्या अंगावर काटा आला असणार. इकडे डोंबिवलीच्या वाचकाने हिशोब मांडलेला असतो. कार्पेट किती, विहिरीला बारमाही पाणी आहे का, टायटल क्लिअर आहे ना. ती माडीवरची बंद खोली तर भलतीच छळते. चांगली हवेशीर खोली एका आत्म्यासाठी अडवून ठेवायची? आणि इथे वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, दोन मुलं आणि ‘दिवाळीपर्यंतच’ म्हणून आलेला पुतण्या! त्या वाड्यातला नायक पहिल्याच रात्री घर सोडून पळायला निघतो, तेव्हा आम्हाला त्याची कीव येत नाही. चीड येते.

माझं असं मत होत चाललंय की ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा माणूस भीतीसाठी भयकादंबरी वाचतच नाही. त्या दोनशे पानांत कुणीतरी एकटं असतं, त्याचं त्याला अप्रूप. रात्री नुसता पाय वाजला तरी दचकायला घरात आधी शांतता लागते. आमच्याकडे पाय वाजला तर वरच्या मजल्यावरचे तिसऱ्या पाळीला निघाले, एवढाच अर्थ.

‘ड्रॅक्युला’चंच बघा. 1897 सालची कादंबरी. जगातल्या निम्म्या रक्तपिपासूंची आजी. त्यातला तरुण वकील इंग्लंडहून थेट ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो कशाला? सरदारसाहेबांना लंडनमध्ये घर घ्यायचंय, त्याची कागदपत्रं करायला. आणि त्याच्या डायरीच्या पहिल्याच नोंदीत गाडी तासभर उशिरा पोचल्याचं लिहिलंय. जागेचा व्यवहार आणि लेट गाडी! ब्रॅम स्टोकरने कल्याण पाहिलं असण्याची शक्यता नाही, पण या दोन गोष्टींवर आमचा माणूस पहिल्या पानालाच त्याचा होतो.

मराठीत हे खातं नारायण धारपांचं (1925–2008). ते रसायनशास्त्राचे पदवीधर, आणि ते जाणवतं. त्यांच्या अमंगळ शक्तींना गुणधर्म असतात, त्या कशाने वाढतात, कशाने उतरतात हे ठरलेलं असतं. त्यांच्या कथांतले समर्थ येतात ते जुन्या फॅमिली डॉक्टरसारखे: आधी सगळं ऐकून घेणार, मग उपाय सांगणार, आणि गुण येणार. धारपांनी स्टीफन किंगकडून बरंच घेतलं म्हणून नाकं मुरडणारे आहेत. ‘लुचाई’ त्याच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे हे खरंच. पण परदेशी पिशाच्च आपल्या तालुक्याच्या गावात आणून वसवायचं आणि ते इथलंच वाटायला लावायचं, ही साधी गोष्ट नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. शेवटच्या पानांत धारप समजावून सांगायला लागतात. मिती, पातळ्या, शक्तींचा तोल. भूत पटायला लागलं की माझी भीती जाते. उलट त्यांच्या ‘आजी’ या कथेच्या धाग्यावरून 2018 साली आलेला ‘तुंबाड’ कमी बोलतो आणि जास्त घाबरवतो. तो पुन्हा लागला 2024 मध्ये, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

रत्नाकर मतकरींना (1938–2020) मात्र वाडा लागत नाही, म्हणून ते मला आमच्या पट्ट्याचे वाटतात. वर्षानुवर्षं बँकेत नोकरी केलेला माणूस. त्यांना ठाऊक होतं की साधं माणूसही पुरतं. ‘खेकडा’ वाचून बाजूला ठेवा आणि मग घरातल्या कुणाकडे तरी बघा. चेहरा तोच असतो, पण खात्री थोडी कमी झालेली असते. धारप वाचल्यावर मी दाराची कडी तपासतो. मतकरी वाचल्यावर कडी आतून लावलेली आहे याचंच दडपण येतं. गंमत म्हणजे हाच लेखक ठाण्याच्या वस्त्यांतल्या मुलांना घेऊन ‘वंचितांचा रंगमंच’ उभा करत होता. भीतीचा धंदा करणारी माणसं बहुधा फार प्रेमळ असतात. घाबरवणारे वेगळे, ते कादंबऱ्या लिहीत नाहीत.

आमच्या शेजारच्या काकू दुपारी जेवणं आटोपली की धारप घेऊन पडतात आणि पंधराव्या मिनिटाला घोरतात. एकदा विचारलं, “काकू, भीती नाही वाटत?”

“अरे, भूत यायचं असतं तोवरच काय ती काळजी. एकदा आलं की मला झोप लागते,” त्या म्हणाल्या. “आल्यावर ते करणार काय? आलेल्या पाहुण्याचं काहीच वाटत नाही. येतो येतो म्हणणाऱ्याचं टेन्शन.”

भयकथेच्या तंत्रावर याहून नेमकं मी अजून वाचलेलं नाही.

भयकथा असो की तिची बहीण रहस्यकथा, पुस्तकं येतात वाचनालयातून, आणि त्या बाबतीत आम्ही श्रीमंत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. वाचनालयाच्या पुस्तकाच्या आत तारखांचा कागद चिकटवलेला असतो, तो मी मजकुराआधी वाचतो. जाडजूड चरित्रांवरच्या तारखा महिन्या-महिन्याच्या अंतराने, मध्ये दंडाची खूण. रहस्यकथेच्या तारखा एकमेकींना खेटून: आज नेलं, परवा परत, त्याच दिवशी दुसऱ्याने नेलं. मग आतली पानं. सुरीचं वर्णन जिथे येतं नेमका तिथे हळदीचा अंगठा. बाईंनी एका हाताने फोडणी सांभाळली असणार. पुढे बुकमार्क म्हणून विसरलेलं वाशी-ठाणे तिकीट. आणि मधेच समासात पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात: ‘डॉक्टरवर लक्ष ठेवा’. असा माणूस समाजात मोकळा फिरतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात मात्र ही पुस्तकं कधी दिसत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, दोन-तीन पिढ्या झुंजार आणि काळापहाडवर वाढल्या, पण पाहुण्यांना दाखवायला ‘ययाती’.

वाचायची जागा म्हणजे लोकल. पूर्वी इथे एक सोय होती. ठाणं सोडलं की फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची. 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. डब्यात पिवळट दिवे, कानात दडा, हातात सुहास शिरवळकर. लेखकाला फुकटात वातावरण मिळायचं. 2022 च्या फेब्रुवारीत पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने उजेडात धावू लागल्या. बोगदा गेला मेल-एक्स्प्रेसच्या वाट्याला. वेळापत्रकाचं भलं झालं असेल; रहस्यकथेचं नुकसान कुणी मोजलं नाही.

अगाथा ख्रिस्तीची 1957 सालची एक कादंबरी आहे, ‘4.50 फ्रॉम पॅडिंग्टन’. दोन गाड्या शेजारून धावत असतात आणि एका बाईंना पलीकडच्या डब्यात गळा आवळून चाललेला खून दिसतो. आमच्याकडे गाड्या रोजच शेजारून धावतात. पण खून करायचा तर हात वर यायला हवा. सकाळच्या गर्दीत नाक खाजलं तर ते ठाण्यालाच खाजवता येतं, तिथे गळा कुठून आवळणार? आणि पलीकडे काही झालंच, तरी आमचा डोळा आधी तिथल्या रिकाम्या झालेल्या सीटवर जाईल.

रहस्यकथांनी ठाण्याला शेवटच्या प्रकरणापुरतंच ठेवलंय, याचं मला वाईट वाटतं. खलनायक पकडला गेला तर जुन्या किल्ल्यातलं कारागृह, आणि भ्रमिष्ट झाला तर 1901 पासूनचं मनोरुग्णालय. दोन्हीकडे गाडी ठाण्यालाच. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य राज्यभर विनोद म्हणून चालतं. ठाण्यात घर घेणाऱ्याला ते नातेवाइकांकडून निदान एकदा ऐकावं लागतं.

म्हणून कुणीतरी अख्खी भयकादंबरी इथेच घडवावी. वाडे उरले नाहीत, ठीक. पुनर्विकासाला निघालेली एखादी जुनी इमारत घ्या. तळमजल्यावरचं भूत सगळ्यात जुनं रहिवासी, जागा कधी सोडलेली नाही, म्हणजे पात्र ठरणार. बिल्डरला त्याची संमती लागणार. भूत तयार आहे, टॉवरमध्ये पंधराव्या मजल्यावर पूर्वेकडचा फ्लॅटही ठरलाय. फक्त कराराच्या नोंदणीला गेल्यावर त्याचा अंगठा मशीनवर उमटत नाही, फोटोत मागची भिंत तेवढी येते, आणि कारकून मान वर न करता म्हणतो, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.”