नकार द्यावा घरच्या घरी

अमेरिकेतल्या विद्यापीठात संशोधन विभागाचे सहयोगी अधिष्ठाता म्हणून तुमची नेमणूक झाली, त्याबद्दल अभिनंदन. लवकरच ‘लिमिटेड सबमिशन’ नावाचं प्रकरण तुमच्या टेबलावर येईल. अनुदान देणारी संस्था सांगते, तुमच्याकडून एकच अर्ज पाठवा, फार तर दोन-चार. इच्छुक असतात डझनभर. बाकीच्यांना वाटेला लावणं हे तुमचं काम. पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची एकांकिका ठरताना काय काय होतं ते आठवा. इथे तेच होतं, फक्त खालच्या आवाजात आणि ईमेलवर.

१. आधी नियम समजून घ्या. ह्यूलेट-पॅकार्डवाल्या पॅकार्ड दांपत्याच्या प्रतिष्ठानाची फेलोशिप १९८८ सालची. ते ५० विद्यापीठांच्या अध्यक्षांकडून प्रत्येकी दोन नावं मागवतात आणि साधारण २० जणांना निवडतात. प्रत्येकाला पाच वर्षांत मिळून ८,७५,००० डॉलर. पात्र कोण? प्राध्यापकीच्या पहिल्या तीन वर्षांतले तरुण, म्हणजे ज्यांना अजून कार्यालयाची किल्लीही नीट लागत नाही ते. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मोठ्या उपकरणांच्या योजनेत २०२३ पासून एका संस्थेला चार अर्ज करता येतात: लहान रकमेचे दोन, मोठ्या रकमेचा एक आणि हीलियमचा वापर कमी करणाऱ्या उपकरणांसाठी एक. त्यामुळे दर उन्हाळ्याच्या शेवटी काही प्राध्यापकांना हीलियमच्या टंचाईने झोप लागेनाशी होते. त्यांच्या तळमळीवर शंका घेऊ नका; ती अर्जाच्या मुदतीपर्यंत खरी असते.

२. स्पर्धा जाहीर करा, पण बेताने. सूचना विद्यापीठाच्या साप्ताहिक वार्तापत्रात, पार्किंगच्या नव्या दरांखाली छापावी. ज्याने अर्ज करावा असं तुम्हाला वाटतं, त्याला आठवडाभर आधी कॉफीला बोलवावं. त्याला काहीही सांगू नये. ‘सध्या काय चाललंय?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

३. दोन पानी ‘व्हाइट पेपर’ मागवा. ‘विषयाबाहेरच्या वाचकाला कळेल असं लिहा’ ही ओळ ठळक छापा. त्यासोबत विभागप्रमुखाचं शिफारसपत्र हवंच. एका विभागातून तीन अर्ज आले, तर विभागप्रमुख तीन पत्रं लिहील आणि तिन्हींत तो उमेदवार ‘गेल्या दहा वर्षांतला सर्वोत्तम’ असेल. पत्रं वेगवेगळ्या दिवशी वाचावीत, म्हणजे खटकत नाही.

४. समिती नेमा. उमेदवाराबरोबर ज्याने शोधनिबंध लिहिला, ज्याचं संशोधन त्याच्या विषयाशी भिडतं किंवा ज्याचा त्याच्याशी वाद आहे, त्या प्रत्येकाने हितसंबंधाच्या नियमाप्रमाणे खोलीबाहेर जावं. ज्यांना विषय कळतो ते अशा रीतीने बाहेर गेले की आत निःपक्षपातीपणा उरतो. मग मुंगीच्या मेंदूवरचा प्रस्ताव पूल बांधणारा वाचतो आणि पुलावरचा प्रस्ताव मुंग्यांचा अभ्यासक. दोघेही पाचपैकी चार गुण देतात. इतरांनाही चारच मिळालेले असतात. इथे तुम्ही घसा खाकरून ‘स्ट्रॅटेजिक फिट’ हे शब्द उच्चारावेत. त्यांचा अर्थ कोणीही विचारत नाही.

५. निर्णय घ्या. खरे निकष चार. गेल्या वर्षी विद्यापीठातल्या कोणत्या कॉलेजचा नंबर लागला? कोणाला दुसऱ्या विद्यापीठातून बोलावणं आलंय आणि त्याला कशाने तरी थोपवायचंय? कोणाचं टेन्युअर, म्हणजे नोकरीत कायम होणं, जवळ आलंय? आणि ज्याला नाही म्हटलं तर सर्वांत जास्त त्रास होईल, असा कोण आहे? यातलं काहीही कागदावर येऊ देऊ नये. कागदावर फक्त गुणांची सरासरी असावी, दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत.

६. नकाराचं पत्र लिहा. ‘यंदा अर्ज असाधारण दर्जाचे होते’ हे वाक्य दरवर्षी चालतं. परीक्षकांचे शेरे पाठवू नका. उमेदवार ते वाचण्याची शक्यता असते.

या पायरीवर नव्या अधिष्ठात्याच्या मनात कधी कधी एक विचार येतो. ज्याला आपण नकार दिला, त्याचं नाव प्रतिष्ठानापर्यंत कधी पोचलंच नाही. त्यांच्या दप्तरी तो नाकारलेलाही नाही. त्यांचे खरे जाणकार परीक्षक त्याचा प्रस्ताव कदाचित वाचत राहिले असते, पण तो वाचला मुंगीवाल्याने. शिवाय चाळणीची मेहनत आपली, बैठका आपल्या आणि वाईटपणाही आपल्याच पदरात. दाता मात्र दानशूरच राहिला. परक्याच्या घरचा नकार आपण आपल्या माणसांना, आपल्या लेटरहेडवर आणि फुकट कळवतो. असा विचार आल्यास पाणी प्यावं आणि सातव्या पायरीकडे वळावं.

७. निवडलेला उमेदवारही नापास झाला, तर घाबरू नका. तसा तो बहुधा होतोच. ५० विद्यापीठांची शंभर नावं गेली आणि वीस निवडली, की ऐंशी परत येणार. ‘नामांकन हाच सन्मान’ अशी बातमी फोटोसह संकेतस्थळावर टाका. इकडे घरी थांबवलेला प्रत्येक जण म्हणेल, ‘माझं नाव पाठवलं असतं, तर मिळालं असतं.’ त्याला खोटं ठरवणारा पुरावा कोणाकडेच नसतो, तुमच्याकडे तर नसतोच. या पद्धतीत विद्यापीठाला अनुदान मिळो न मिळो, प्रत्येक इच्छुकाला आयुष्यभर पुरेल अशी तक्रार हमखास मिळते.

८. सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी समितीवर घ्या. पहिल्या बैठकीत तो पारदर्शकतेवर बोलेल. त्याला बोलू द्या, मिनिट्समध्येही घ्या. दुसऱ्या बैठकीत सगळ्यांना चार-चार गुण पडतील, घड्याळात साडेपाच वाजतील आणि तोच घसा खाकरेल.