नवा एमपीथ्री प्लेयर : स्वरूप, उपयोग आणि घरातील स्थान

एमपीथ्री प्लेयर म्हणजे गाणी पोटात साठवून ती इअरफोनवाटे एका माणसाच्या कानात सोडणारे, काडेपेटीएवढे यंत्र. या व्याख्येतले ‘एका माणसाच्या’ हे शब्द कारखानदाराचे आहेत. मराठी घराने ते कधी मनावर घेतले नाहीत.

या यंत्राचा वंश सोनीच्या वॉकमनपासून सांगतात. १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आलेल्या पहिल्या वॉकमनला इअरफोन लावायला दोन भोके होती आणि वर एक नारिंगी बटण होते. बटण दाबले की गाणे बारीक होई आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येई. सोनीच्या अकिओ मोरिता यांनी नमुना घरी नेला, तेव्हा नवरा एकटाच कानाला लावून बसतो म्हणून त्यांच्या पत्नी वैतागल्या. चारचौघांत एकट्याने गाणे ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, अशी धास्ती मोरितांनाही वाटली, म्हणून दुसऱ्या भोकाची सोय झाली. लोकांना एकट्याने ऐकायला काहीही वाटत नाही असे पुढे ध्यानात आले आणि नंतरच्या यंत्रांतून भोकही गेले, बटणही गेले. पंचवीसेक वर्षांनी मराठी घराला नेमके तेच भोक हवे होते.

एमपीथ्रीचे शास्त्र जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत आकाराला आले. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो या गोष्टीचा फायदा घेतला. कानाला जे ऐकूच येणार नाही ते साठवायचे कशाला? ते गाळून टाकले की सीडीवरचे गाणे साधारण अकराव्या हिश्श्यात मावते. सकाळी साडेआठला मिक्सर, कुकरची शिट्टी आणि आत्याचा फोन एकाच वेळी सोसणाऱ्या घराला हे तत्त्व शिकवायला जर्मनांची गरज नव्हती. मात्र त्या घराने त्याचे पेटंट घेतले नाही.

१९९८ साली आलेल्या एमपीमॅन या कोरियन प्लेयरमध्ये ३२ एमबी जागा होती, म्हणजे अर्ध्या तासाची गाणी. त्यात एखाद्या बुजुर्गाचा विलंबित ख्याल जेमतेम बसला असता आणि द्रुत बाहेर राहिली असती. २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झालेल्या ॲपलच्या आयपॉडमध्ये हजार गाणी मावू लागली. मराठी मध्यमवर्गापर्यंत ही लाट पोहोचली ती मात्र आयपॉडच्या नव्हे, तर त्याच्या अनेक निनावी चुलतभावांच्या रूपाने. मुंबईत ते लॅमिंग्टन रोडला मिळत, पुण्यात तपकीर गल्लीत. नाहीतर अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर निघत. पहिल्या दोन ठिकाणच्या यंत्राला गॅरंटी नसे. तिसऱ्याला असे, पण ती न्यू जर्सीत.

खोके उघडणे हा घरचा सामुदायिक कार्यक्रम. खोके टाकायचे नाही, आतला थर्माकोल टाकायचा नाही आणि पडद्यावरची पारदर्शक फिल्म काढायची नाही, हे तीन नियम न सांगता पाळले जातात. फिल्मच्या कडेला महिन्याभरात धूळ धरते आणि पडद्यावरची अक्षरे वाचता येईनाशी होतात. पण खालचा पडदा नवा कोरा आहे, हे समाधान वाचता येण्यापेक्षा मोठे असते. माहितीपुस्तिका बारा भाषांत असते. त्यात मराठी नसते, आणि इंग्रजी आहे असे कळायलाही थोडा वेळ लागतो.

यानंतर चार्जिंग. ‘पहिल्यांदा आठ तास लावून ठेवा, मध्ये काढू नका,’ असे दुकानदाराने बजावलेले असते. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरीला पहिल्या उपासाची किंवा पहिल्या जेवणाची काहीच मातब्बरी नसते. ती पोट भरले की स्वतःच थांबते. पण घरातले ज्येष्ठ दुकानदाराचा शब्द मानतात. आजोबा खुर्ची ओढून प्लगजवळ बसतात. सहाव्या तासाला वीज जाते. ती परत आल्यावर पुन्हा शून्यापासून आठ मोजायचे की उरलेले दोनच, यावर जेवताना दोन तट पडतात, आणि यंत्रातून अजून एकही सूर निघालेला नसताना घरात त्यावरून पहिला अबोला होतो.

जागेचा हिशेब हा पुढचा धक्का. खोक्यावर ‘४ जीबी’ छापलेले असते आणि कॉम्प्युटर ३.७ दाखवतो. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, म्हणून हा फरक पडतो; यात कुणी कुणाला फसवलेले नसते. आयुष्यभर दूधवाल्याच्या मापाकडे बारीक नजर ठेवलेल्या माणसाला मात्र हे पटवणे अवघड जाते. ‘तीनशे एमबी मधल्या मध्ये कुणी खाल्ले’ ही चौकशी अधूनमधून होत राहते आणि संशय भाच्यावर जातो.

गाणी भरणे हे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे येते. यादी देण्याचा हक्क सर्वांना असतो. आजोबांना नाट्यसंगीत आणि भीमसेन जोशी, वडिलांना रफी, आईला लता, आत्याला हरिपाठ आणि मुलाला जे हवे ते कुणाला न सांगता. चार जीबीत साधारण हजार गाणी बसतात, म्हणजे जवळजवळ सत्तर तास. यातली किती ऐकली जातात हा प्रश्न निराळा. गाणी भरून ठेवण्याचा आनंद ती ऐकण्याच्या आनंदाहून वेगळा, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते वरचा. साठवणीच्या खोलीत गव्हाची पोती रचून झाल्यावर जे वाटते, त्याच जातीचा.

भरलेली गाणी यंत्र कोणत्या क्रमाने वाजवते, हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग. काही यंत्रे ज्या क्रमाने फायली भरल्या त्या क्रमाने वाजवतात, काही नावाच्या क्रमाने. नावाच्या क्रमात यंत्र आकड्यांकडे अक्षरे म्हणून बघते. त्यामुळे १ नंतर २ येत नाही. १० येतो, मग ११, मग १२, आणि १९ संपल्यावर २. बाकीच्या गाण्यांच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गीतरामायणाच्या बाबतीत येते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे ही छप्पन्न गीते सादर केली. त्यांत रामजन्म सहावा आणि सीतास्वयंवर बारावे. यंत्राच्या हिशेबाने सीतास्वयंवर चौथ्या स्थानी येते. पुढे वनवास होतो, युद्ध होते, छप्पन्नावे गीत वाजून सगळे संपते आणि त्याच्या पाठोपाठ सहावे लागते. रामाचा जन्म होतो.

‘अरे, राज्याभिषेक झाला, सगळं झालं, आणि आता पाळणा?’ अशी विचारणा आजीकडून होते. मुलगा फायलींची नावे ०१, ०२ अशी बदलून देतो आणि रामायण ताळ्यावर येते. मात्र तोपर्यंत आजीने शेजारणीला यंत्र रामाला मानत नाही असे सांगून झालेले असते.

नावाच्या क्रमाला कंटाळलेल्यांसाठी शफल असते. त्यात यंत्र मनाला येईल ते गाणे काढते. भूपाळीमागून लावणी लागते, तीही देवघरात. काही दिवसांत घरातल्या प्रत्येकाची खात्री पटते की यंत्र पक्षपाती आहे: सारखे एकाच गायकाला घेते. वास्तविक खऱ्या सोडतीत एकच नाव लागोपाठ दोनदा येणे अगदी स्वाभाविक असते. माणसाला मात्र नीट पसरलेली सोडत हवी असते आणि ती सोडत नसते. अशा तक्रारी ॲपलकडेही इतक्या गेल्या की २००५ साली त्यांनी एकाच गायकाची गाणी जवळ येणार नाहीत अशी सोय करून दिली. यादृच्छिक वाटावे म्हणून यादृच्छिकपणा कमी करण्याचा हा प्रकार हौजीचे आकडे काढणाऱ्या कुठल्याही अनुभवी काकांना समजण्यासारखा आहे.

पडद्यावर गाण्याचे नाव दिसायला हवे. देवनागरीचा टंक यंत्रात नसल्यामुळे मराठी नावाच्या जागी चौकटींची एक रांग उमटते. लांब रांग म्हणजे नाट्यपद, आखूड रांग म्हणजे भावगीत, असा अंदाज सरावाने बांधता येतो. इंग्रजी अक्षरांत नाव असलेच तर ते ‘ट्रॅक ०१’ असते आणि गायक ‘अननोन आर्टिस्ट’. या गायकाची गाणी प्रत्येक घरात शेकड्यांनी असतात. त्याने खयाल गायला आहे, ठुमरी गायली आहे आणि साखरपुड्याच्या कॅसेटमध्ये उखाणेही घेतले आहेत.

आवाजाचा पोत बदलण्यासाठी रॉक, पॉप, जॅझ आणि क्लासिकल अशी बटणे असतात. भजन किंवा पोवाडा नसतो. आजोबा अर्थातच क्लासिकल निवडतात. ते क्लासिकल व्हिएन्नाचे असते, किराणा घराण्याचे नव्हे, पण खर्ज थोडा वाढल्यासारखा वाटतो म्हणून ते खूश असतात आणि इतर पर्यायांना हात लावायला कुणालाही मनाई करतात.

इअरफोनचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्याची वायर खिशात ठेवताना सरळ असते आणि काढताना गाठलेली. यात मालकाचा दोष नाही. सॅन दिएगोच्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी दोऱ्या डब्यात घालून घुसळल्या आणि काही सेकंदांत गाठी पडतात असे २००७ साली दाखवून दिले. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळाले. दोरी अर्ध्या मीटरहून आखूड असली तर गाठ क्वचितच पडते. इअरफोनची वायर मीटरभराहून लांब असते. गाठ सोडवण्याचे काम घरात आजीच करते. गजऱ्याचा दोरा आणि लोकरीचा गुंता यांचा तिला सराव असतो.

इअरफोन घातलेला माणूस ओरडून बोलतो. कानात आवाज भरला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी १९११ साली नोंदवले. त्यांच्या नावाचा हा परिणाम चाळीतल्या घरात चटकन तपासता येतो. वडील कानात रफी घालून कॉटवर पडलेले असताना आईने हलक्या आवाजात विचारले, की शेजाऱ्यांकडून परत न आलेल्या पाचशेंचे काय करायचे, तर उत्तर तिन्ही मजल्यांना कळते. ‘पाचशे? आले का परत?’ शेजारी ते ऐकतात. दाराला कडी लागल्याचा आवाज येतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ते दुसरे भोक. प्लेयरला भोक एकच असल्यामुळे मराठी घराने स्वतःचा तोडगा काढला: एक टोक याच्या कानात, दुसरे तिच्या. वायर जेमतेम पुरते, त्यामुळे दोघांनाही माना एकमेकांकडे झुकवून बसावे लागते. चाळीस वर्षांच्या संसारात इतके जवळ बसण्याचे कारण कधी पडलेले नसते, तेव्हा दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत राहतात. जुनी मराठी गाणी एकपदरी ध्वनिमुद्रणाची असल्याने दोन्ही कानांत सारखीच येतात आणि भांडण होत नाही. नव्या स्टिरिओ मैफलीत मात्र आवाज वाटला जातो. गायक मधोमध असल्याने दोघांना मिळतो, तबला डाव्या कानाकडे जास्त आणि पेटी उजव्या कानाकडे. आजोबांना तबला मिळतो, आजीला पेटी. ‘तुमच्याकडे जास्त छान लागतंय’ असे म्हणून आजी टोके बदलून घेते. मग पेटी आजोबांकडे जाते आणि तिला तीच बरी वाटू लागते.

पाहुण्यांना यंत्र दाखवण्याची पद्धतही हीच. पाहुण्याच्या कानात एक टोक घालून ‘कसं काय?’ असे विचारले जाते आणि पाहुणा ओरडून ‘वा!’ म्हणतो. त्या वेळी गाणे बहुधा सुरू झालेले नसते.

कधी यंत्र अडकते आणि कुठलेही बटण ऐकत नाही. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: बंद करून चालू करा, बंद होत नसेल तर बॅटरी संपू द्या. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे तीस जीबीचे झून प्लेयर जगभर एकाच दिवशी अडकले. त्यांच्या घड्याळाला लीप वर्षाचा ३६६ वा दिवस पचला नव्हता. कंपनीने सांगितलेला उपाय असा होता: बॅटरी संपू द्या आणि उद्या दुपारनंतर चालू करा. तपकीर गल्लीने दिला असता तो आणि हा सल्ला यांत फक्त वेळेचा फरक आहे.

पुढे मोबाइल फोनच गाणी वाजवू लागला आणि प्लेयरचे मूळ काम संपले. १० मे २०२२ रोजी ॲपलनेही आयपॉड बंद केल्याचे जाहीर केले. मराठी घरात मात्र चालू स्थितीतली वस्तू टाकून देण्याची पद्धत नसल्यामुळे प्लेयरची बदली झाली. आधी तो हरिपाठासाठी आत्याकडे गेला. मग बॅटरी धरेना, तेव्हा कॉम्प्युटरला लावल्यावर त्यात फायली ठेवता येतात हे कुणाच्या तरी लक्षात आले आणि तो घराचा पेन ड्राइव्ह झाला. लग्नाचे फोटो छापायला स्टुडिओत तोच जातो, झेरॉक्सच्या दुकानात मुलाच्या स्थळासाठीचा बायोडेटाही त्याच्यातूनच निघतो. दुकानदार तो कॉम्प्युटरला लावतो आणि बायोडेटाच्या फायलीवर दोनदा टिचकी मारतो. नावे सगळी चौकटींतच असल्यामुळे पहिल्या खेपेला सीतास्वयंवर लागते.